चोरओटी

"सगळ्या फॉलिक अ‍ॅसिडच्या पाठीमागं बाळ नसतं, रावजी," सतीशकुमार म्हणाला आणि रक्तदाबाच्या गोळ्या कागदी पिशवीत टाकून त्यानं पिशवीचं तोंड दुमडलं. हसत म्हणाला. त्यात दुष्टपणा नव्हता. औषधाच्या दुकानात उभं राहून दिवसभर लोकांची खरूज, मूळव्याध आणि निद्रानाश ऐकणाऱ्या माणसाला कशाची लाज उरत नाही, आणि नवलही. पण शेषाद्रींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेजारी खोकल्याचं औषध मागायला आलेली बाई होती. तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग खोकायचं राहिलं होतं ते खोकून घेतलं. चूक सर्वस्वी त्यांचीच. सतीशकुमारनं फक्त विचारलं होतं, "सूनबाईंनी सांगून ठेवलेली डबी आलीय, नेता काय?" नेतो म्हणावं आणि गप्प राहावं. पण जन्मभर दुसऱ्यांच्या हिशेबावर खुणा करत आलेल्या माणसाला, आपल्यालाही हे ठाऊक आहे, असं दाखवल्याशिवाय राहवतं कुठे? डबीवरच्या बारीक अक्षरांत फॉलिक अ‍ॅसिड कुठे लिहिलंय ते हुडकून त्यावर बोट ठेवत ते मोठ्या समजुतीच्या सुरात म्हणाले होते, "पहिले तीन महिने तर घेतलंच पाहिजे हे." सतीशकुमार गोंधळला. "तीन महिने? असं काय नाहीं. हे त्याचं नव्हे, रावजी. हे पीरियड्स नीट यायला. पीसीओडी म्हणतात पाहा, त्याला देतात. इनोसिटॉल अहे, व्हिटॅमिन डी अहे, आणि फॉलिक पण घालतात. औषध म्हणून नव्हे, सत्त्व म्हणून घ्यायचं. कुणास लागू पडतं, कुणास नाहीं. डॉक्टरम्मानं थायरॉइड वगैरे सगळं बघून लिहिलंय." आणि मग शेषाद्रींचा चेहरा पाहून त्यानं ते फॉलिक अ‍ॅसिडचं वाक्य टाकलं, माणूस पायरीवर अडखळला की त्याला सावरायला हात पुढं करावा, तसं.

बाहेर शुक्रवार होता. फुलवाल्या बायकांनी मोगऱ्याच्या माळा हातावर मोजून द्यायला सुरुवात केली होती, टाउन बस राजवाड्याच्या भिंतीला खेटून वळण घेत होती, आणि शेषाद्री पिशवी धोतराच्या आड धरून उभे होते, जणू तिच्यात चोरलेली वस्तू आहे. शुक्रवार. आजच यायची होती सरोजा. सरोजा त्यांची धाकटी बहीण, मेडिकल कॉलेज रोडच्या बाजूच्या नव्या वसाहतीत राहते, नवरा वेंकटराव निवृत्त होऊन घरात बसलेला, त्यामुळे तिचा सगळा वेळ दुसऱ्यांच्या घरात. परवा तिचा फोन आला होता. "अण्णा, तुज घरातलं काय कळतंय?" ती नेहमीसारखी सुरू झाली. "कनका होती तोवर ताटात काय वाढलंय तेवढं तुज ठाऊक. आता ती पण नाहीं. सून काय खाते, कशी अहे, कधी विचारतोस? पेपर वाचतोस आणि कॉफी पितोस." कनकलता जाऊन चार वर्षं होत आली तरी सरोजा तिचं नाव असं काढते की ती आत स्वयंपाकघरात आहे आणि आत्ता येऊन साक्ष देईल. शेषाद्री म्हणाले, "मज सगळं ठाऊक अहे." "काय ठाऊक अहे?" आणि इथं त्यांचा तोल गेला. बायको गेल्यापासून घरातल्या बायकी बातम्या त्यांच्यापर्यंत येत नसत. पाहुण्यांच्या पोरींची लग्नं ठरलेली त्यांना पत्रिका आल्यावर कळत. पहिल्यांदाच त्यांच्याकडे अशी बातमी होती जी दुसऱ्या कोणाकडे नव्हती. मुलाकडून नव्हे, सुनेकडून नव्हे, स्वतःच्या अकलेनं मिळवलेली. ते म्हणाले, "लक्ष्मीप्रियाचं काहीतरी शुभ अहे. फ्रिजवर तिची डबी अहे, मी वाचून बघितली. तिसरा महिना असेल. अजून कोणास बोलू नकोस." "मी कशास बोलू? माझ्या पोटात राहतंय," सरोजा म्हणाली. तिच्या पोटात आजवर कॉफीशिवाय काही राहिलेलं नाही हे शेषाद्रींना चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून सांगितलं, म्हणजे कोणास बोलू नकोस हे नुसतं शिष्टाचाराचं होतं. "मग शुक्रवारी येत्यें. चोरओटी भरली पाहिजे. कनका नाहीं, तिची आई पापनाशममधे पाय मोडून बसलीय, मी नाहीं तर कोण भरेल?" तिसऱ्या महिन्यात, गल्लीला बातमी कळायच्या आधी, दोन-तीन सवाष्णींनी गुपचूप येऊन ओटी भरायची ती चोरओटी. गुपचूप म्हणजे निम्म्या गल्लीला ठाऊक असतं आणि उरलेली निम्मी ठाऊक नसल्यासारखं करते. शेषाद्री म्हणाले होते, "लक्ष्मीस एक शब्द विचारून ये." त्यावर सरोजा हसली. "अय्यो अण्णा, चोरओटी विचारून भरतात काय?"

त्यांनी फोन काढून तिला लावला. वाजला, वाजत राहिला. सरोजाचा फोन पिशवीत असतो, पिशवी दुसऱ्या पिशवीत असते, आणि बसमध्ये तिला फक्त कंडक्टरशी भांडायचं ऐकू येतं. घर चालत जवळच होतं. चहाच्या दुकानापाशी ते उगाच थांबले. लोकल फंड ऑडिटमध्ये इतकी वर्षं काढलेला माणूस. पंचायत युनियनच्या कचेरीत पाऊल टाकलं की कारकून चहा कसा पुढं करतो त्यावरून रोकडवही जुळणार की नाही हे त्यांना कळायचं. फार साखर घातलेला चहा म्हणजे फार झाकायचं असतं. देवस्थानाच्या एका मुनीमाला त्यांनी त्याच्या नव्या चपलांवरून पकडलं होतं. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो अभिमान पगाराबरोबर बंद झाला नव्हता. उलट घरात बसल्यावर तपासायला घरच उरलं. विश्वेश, त्यांचा मुलगा, तिरुचिरापल्लीला कंपनीत. पहाटेच्या गाडीनं जातो, दिवेलागणीनंतर येतो, त्याच्यात तपासण्यासारखं फार नसतं, तो आईसारखा उघडा. राहिली लक्ष्मीप्रिया. शाळेत गणित शिकवणारी, बोलायला मोजकी, हसली तर खालच्या ओठानं हसणारी. ती लग्न होऊन आली तेव्हा सासू नव्हती. देवघरातला संध्याकाळचा दिवा तिनं पहिल्या आठवड्यातच आपल्याकडे घेतला, कोणी सांगितलं नव्हतं. आणि मग एका संध्याकाळी देवघराच्या उंबऱ्याअलीकडे उभी राहून म्हणाली, "मामंजी, आज तुम्हीच दिवा लावा."

"सरी," म्हणजे बरं, इतकंच ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले होते, आणि स्वतःवर खूष झाले होते. आईच्या वेळी त्यांच्याच घरात काय काय होत असे ते आठवून. मागच्या पडवीतला कोपरा, वेगळी चटई, वेगळा पितळी पेला, लांबून टाकलेली इडली. त्यातलं इथं काही नाही. सून स्वयंपाक करते, शाळेत जाते, वह्या तपासते, सोफ्यावर बसून टीव्ही पाहते. फक्त देवघराचा उंबरा चार दिवस ओलांडत नाही, तोही तिच्या मर्जीनं, तिच्या आईनं लावलेल्या सवयीनं. आणि सासरा 'सरी' म्हणून उठतो, दिवा लावतो, वर काही नाही. याहून सुधारलेलं घर तंजावरात दाखवा. पण तो 'सरी' म्हणताना डोक्यात कुठेतरी एक बारीक टिंब पडत होतं. मुद्दाम नव्हे. रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या वाचल्या जातात तसं. पुढच्या वेळी ती म्हणाली, दुसरं टिंब पडलं, आणि दोन टिंबांमधलं अंतर आपोआप मोजलं गेलं. कधी अंतर लहान असे, कधी लांबच लांब. हिशेब जुळत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, आणि जुळत नाही असं पाहिल्यावर डोकं अधिकच त्यात गुंतलं. मग वैशाख लागल्यापासून ते वाक्य आलंच नाही. रोज संध्याकाळी ती हातपाय धुऊन आत जायची, वात पुढं सरकवायची, काडी ओढायची. शेषाद्री पेपराआडून ऐकत. काडीचा आवाज आला की त्यांना बरं वाटे. मग तिनं कॉफी सोडली. मग फ्रिजवर ती डबी आली, सकाळी पुडी फोडून पाण्यात ढवळून प्यायची, आणि त्या डबीवर फॉलिक अ‍ॅसिड. विश्वेशच्या वेळी कनकलताला डॉक्टरांनी ज्या गोळ्या दिल्या होत्या त्यांचं नाव त्यांच्या डोक्यात राहून गेलं होतं, कारण त्या वर्षी त्यांनी दुसरं काही डोक्यात ठेवलंच नव्हतं. तीन नोंदी, तिन्ही एका बाजूला. बेरीज झाली.

आणि तीळ? चहाच्या दुकानात बरणीत एळ्ळुरुंडै होते, तिळगुळाचे काळे गोळे, आणि ते शेषाद्रींच्या नजरेला पडले. लक्ष्मीप्रिया महिनाभर रोज एक तिळाचा गोळा खात होती. शाळेतून आली की डबा उघडून, उभ्यानं. पोटुशी बाई तीळ खात नाही, पपई खात नाही, हे या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यांनी पाहिलं होतं. पाहून मनाशी म्हणाले होते, डोहाळे असतील, आजकालच्या मुली कुठे पाळतात. एवढा मोठा कागद डोळ्यांसमोर होता आणि आपल्याला हवे ते तीन कागद उचलून त्यांनी तो बाजूला सारला. एखाद्या कनिष्ठानं असं केलं असतं तर त्याला त्यांनी खोलीत बोलावून, दार लावून, आवाज न चढवता रडवलं असतं. ती तीळ खात होती पाळी यावी म्हणून. कॉफी सोडली त्याचसाठी. रोज सकाळी ती कडवट पाणी डोळे मिटून प्यायची, त्याचसाठी. म्हणजे तो सगळा वेळ, ते पेपराआडून काडीचा आवाज ऐकून सुखावत होते तेव्हा, ती काडी ओढताना वाट पाहत असेल, आज तरी हा उंबरा अडावा. एकाच दिव्याच्या दोन बाजूंना दोन माणसं उलट गोष्टीसाठी जीव टाकून बसलेली. तिला डॉक्टरकडे कोणी नेलं? एकटी गेली असेल, शाळा सुटल्यावर, बाकावर बसली असेल. आपण तेव्हा काय करत होतो, तर टिंबं मोजत होतो.

ते ऑटोत बसले. ऑटोवाल्याला घर इतकं जवळ आहे याचं हसू आलं, पण शुक्रवारी म्हाताऱ्या माणसाला कोणी काही म्हणत नाही. आई आठवली. आईला वाचता येत नव्हतं, पण तिच्या डोक्यात सुनेचा महिना पक्का कोरलेला असे. कनकलता मागच्या पडवीत जाऊन बसली की आई जेवायला वाढताना शेषाद्रींच्या ताटात भात जरा जोरात टाकायची. तेवढंच. शब्द नाही. पाहुणी बाई आली आणि तिनं 'कनका कुठाय' विचारलं की आई म्हणायची, "आत नाहीं. परत बाहेर." त्या 'परत' या शब्दात सगळं असायचं: लग्नाला झालेली वर्षं, नातवाचा रिकामा पाळणा, कुठला नवस चुकला त्याची शंका. आणि पडवीतून कनकलताला ते ऐकू येत असणार, कारण ती पडवी ऐकू यावं इतकीच लांब होती. एकदा ऑफिसातून येऊन ते पडवीच्या दाराशी गेले होते. ती पाठमोरी, मांडीवर मासिक उघडं, पण पान उलटत नव्हती. म्हणाली, "आत जा, त्या बघतायत." तेव्हा त्यांना आईचा इतका राग आला होता, आणि तो इतका सोयीचा होता. आई बघते, आई मोजते, आई बोलते, आपण वेगळे. कनकलतेच्या बाजूनं आहोत असं त्यांनी जन्मभर धरलं. आता ऑटोत बसून, मांडीवर ती पिशवी घेऊन, त्यांना स्पष्ट दिसलं की आई गेली तेव्हा तिचं काम वाया गेलं नाही. घरात बाईमाणूस नाही म्हणून ते पुरुषाकडे आलं. पेपर वाचणाऱ्या, 'सरी' म्हणणाऱ्या, सुधारलेल्या पुरुषाकडे. आई निदान भात जोरात टाकून कळवत तरी होती.

आता करायचं काय? चुकून बोललो म्हणावं, तर सरोजा विचारणार, मग ती डबी कसली? डबी कसली ते सांगावं, तर रात्रीपर्यंत मेडिकल कॉलेज रोडपासून पापनाशमपर्यंत विश्वेशच्या बायकोची पाळी नीट नाही, म्हणजे तिला पोर होणं कठीण, असं होऊन जाईल. वेंकटराव गप्प माणूस, तोसुद्धा देवळात कोणाला तरी सांगेल. डॉक्टरनं नाही म्हटलं असं बोलावं, तर पडलं म्हणतील, ते आणखी वाईट. आणि काही न बोलता ओटी भरू द्यावी, तर पुढचे सहा महिने प्रत्येक बाई तिच्याशी बोलताना तिच्या पोटाकडे बघेल. ज्या वाटेनं जावं तिथं भुर्दंड त्या पोरीलाच. आपण एक वाक्य बोललो फोनवर, शहाणपणा दाखवायला, आणि फेड तिच्या अंगावर. हे त्यांना कचेरीत नवं नव्हतं; वरच्यानं सही केलेली चूक खालच्याच्या पगारातून कापली जाते. फक्त इतकी वर्षं ते कापणारे नव्हते, कापलेलं शोधून काढणारे होते.

दारात चपला होत्या. सरोजाच्या, आणि शेजारच्या कविताच्या. उशीर झाला हे चपलांवरूनच कळलं. आत हॉलमध्ये पाट मांडलेला, पाटावर लक्ष्मीप्रिया, शाळेच्या साडीतच, खांद्याची पिन अजून तशीच, केसांत मात्र घाईघाईनं खोवलेला ताजा गजरा. पदर पुढं धरलेला आणि त्यात तांदूळ, नारळ, खण, हळकुंडं, विड्याची पानं, केळी. सरोजा वाकून कुंकू लावत होती आणि एकीकडे तोंड चालू. "कशास लाजतेस? पहिल्या खेपेस सगळ्या लाजतात. ही आमची कविता, तिसऱ्या खेपेस ओटी कमी भरली म्हणून भांडली माझ्याशी." "आत्याबाई, पुरे ना," कविता म्हणाली, पण खूष झाली. "नारळ मोठा बघून अणलाय हो लक्ष्मी, मुलगाच बघ," सरोजा म्हणाली. लक्ष्मीप्रिया हसत नव्हती आणि रडतही नव्हती. फळ्यावर एखाद्या पोरानं चुकीचं उत्तर लिहिलं आणि वर्ग टाळ्या वाजवतोय, बाई थांबल्यात टाळ्या संपायच्या, तसा तिचा चेहरा होता. शेषाद्री आले तसं तिनं वर पाहिलं. नजर त्यांच्या तोंडावर आली, मग हातातल्या पिशवीवर, पिशवीच्या फुगवट्यावरून आत काय आहे हे तिला कळलं, आणि यांना ते कळलंय हेही. मग तिनं डोळे खाली घातले. नाही म्हणून सांगायला तिला तोंड नव्हतं का? होतं. पण सरोजाच्या बाजूला, हळदकुंकवाच्या तबकाला टेकून, फ्रिजवरची रिकामी होत आलेली ती जुनी डबी होती. सरोजानं पुरावा म्हणून कविताला दाखवायला उतरवलेली. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न त्या डबीचा.

"ये अण्णा, बैस. तू पाहू नयेस खरं, बायकांचं अहे," सरोजा म्हणाली. "पण बातमी तूच दिलीस, तुज काय म्हणायचं."

"सरोजा," शेषाद्री म्हणाले, "थांब. उठव तिला."

"काय झालं?"

"तसं काही नाहीं. मी बोललो ते खोटं."

सरोजाचा हात कुंकवाच्या करंड्यात तसाच राहिला. "खोटं म्हणजे? लक्ष्मी?"

"तिला विचारू नकोस," ते म्हणाले, आणि आवाज नको तितका मोठा आला. "तिनं मज काही सांगितलं नाहीं. विश्वेशनं नाहीं. कोणी नाहीं. मीच समजून घेतलं, मीच बोललो."

"मग ही डबी?"

"व्हिटॅमिनची. मास्तरणी उभ्या राहून शिकवतात, कंबर दुखते. शाळेत सगळ्या घेतात." हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. दुसऱ्यांची सफाईदार खोटी वाक्यं इतकी वर्षं ऐकली, त्यांतली कुठलीतरी उपयोगी पडली.

पण सरोजा त्यांचीच बहीण. एकाच आईची. तिनं कुंकवाचं बोट कडेला पुसलं आणि डोळे बारीक केले. "डबी व्हिटॅमिनची. तिनं सांगितलं नाहीं. मग तिसरा महिना म्हणालास तो कुठून काढलास? तिसरा, म्हणालास. दुसरा नाहीं, चौथा नाहीं."

हॉलमध्ये पंखा फिरत होता. कविता आपल्या पायाच्या बोटांकडे बघायला लागली, म्हणजे तिला उत्तर आधीच कळलं होतं. शेषाद्रींना वाटलं, इथं अजून एक खोटं बसेल. ज्योतिषी म्हणाला, स्वप्न पडलं, कनका स्वप्नात आली. कनका स्वप्नात आली म्हटलं तर सरोजा रडेल आणि सगळं मिटेल. ते वाक्य जिभेवर आलं होतं. त्यांनी लक्ष्मीप्रियाकडे पाहिलं. तांदळाचे दोन दाणे तिच्या पदरावरून घरंगळत पाटावर पडले.

"मी मोजत होतो," ते म्हणाले. "देवघरात ती कधी जात नाहीं, मज कळतं. मी ध्यानात ठेवत होतो. आणि चुकलो मोजताना. मधे दोनदा तिनं मज दिवा लाव म्हणून सांगितलं होतं, मी विसरलो. वय झालं. आता मज काही राहत नाहीं डोक्यात."

"शी, अण्णा!" सरोजा म्हणाली. शी म्हणाली, पण तिच्या तोंडावर शरम होती ती त्यांच्यासाठी, लक्ष्मीप्रियासाठी नव्हे. शेषाद्रींनी ते पाहून घेतलं. एवढं साधलं. मग ती हळूच म्हणाली, "आई करायची. पुरुषानं कोणी केलेलं मी ऐकलं नाहीं." आणि कविताकडे वळून, "हे बाहेर बोलू नकोस हो. अण्णास विसरायला होतंय अलीकडं." उद्या सकाळी गल्लीत काय बोललं जाणार ते तिथंच ठरून गेलं: रावजींचं डोकं फिरलं, सुनेवर नजर ठेवून असतात, आणि नीट मोजताही येत नाही. यातलं शेवटचं त्यांना सगळ्यांत अधिक झोंबलं, आणि झोंबलं याचीही लाज वाटली.

ओटी परत घ्यायची नसते. सरोजानं केळी तेवढी काढून फ्रिजवर ठेवली आणि म्हणाली, "नारळ राहू दे. ठेव. पुढं लागेलच." तिनं ते प्रेमानं म्हटलं. कॉफीसुद्धा न घेता दोघी उठल्या. दाराशी चपला शोधताना त्यांचे आवाज खाली गेले, मग जिन्यावर परत वर आले.

लक्ष्मीप्रिया पाटावरून उठली. पदरातलं सगळं तिनं एका सुपात ओतलं, एक-एक दाणा झटकून. शेषाद्रींनी पिशवीतली डबी काढून टेबलावर ठेवली. हातात देण्याचं धैर्य झालं नाही. बोलायचं ते त्यांनी मनात दोनदा लावून पाहिलं. दोन्ही वेळा ते सरकारी कागदासारखं झालं.

"मी दोनदा सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. सूप हातातच होतं.

"नाहीं."

"वैशाखापासून एकदापण नाहीं."

"हो."

"तुम्हास ठाऊक होतं ते. विसरला नव्हता."

"नाहीं, बाळ. विसरलो नव्हतो."

खालून ऑटो गेली. "मामंजी," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं. पण ती पोरांना समजावून सांगतात तसं सांगत होती, पायरी-पायरीनं. "तुम्ही लावा म्हणत होत्यें ते देवास म्हणून. तुम्हास सांगायचं म्हणून नव्हे. पापनाशमात आमच्या घरी सगळ्या ध्यानात ठेवायच्या. आई, काकी, वरच्या माडीवरची भाडेकरीणसुद्धा. कधी उशीर झाला की जेवताना विचारायच्या, बाबांच्या समोर. मज जेवण जायचं नाहीं. मग इथलं स्थळ आलं. आई म्हणाली, घरात सासू नाहीं, तुज शिकवणारं कोणी नाहीं, कसं करशील? मी तेवढ्यासाठीच हो म्हटलं. मज वाटलं, त्या घरात दोन पुरुष अहेत. तिथं कोणी बघणार नाहीं."

तिनं सूप कडेवर घेतलं. शेषाद्रींनी मान खाली घातली. मुद्दाम घातली, हनुवटी छातीला लागेपर्यंत, तिच्याकडे एक क्षणही बघायचं नाही म्हणून. फरशीची नक्षी तेवढी दिसत होती. तिची पावलं त्यांच्या समोरून गेली, हॉलच्या मध्यापर्यंत, तिथं जराशी थांबली, आणि मग एका बाजूला वळली. त्यांनी बघितलं नाही. पण ती देवघराकडे वळली की स्वयंपाकघराकडे, हे कानांनी टिपून घेतलंच.